किनार असलेला एक तारा

राजू एक दिवस कुणाच्या तरी गाडीला सलाम ठोकता ठोकता म्हातारा होईल, ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसा ती कुकरच्या शिट्ट्यांत आणि शेजारच्या बांधकामाच्या आवाजात दबून राहते. रात्री अंबरनाथजवळचं आमचं पालेगाव शांत झालं की पुन्हा वर येते. म्हणून लिहायला बसले आहे. आतल्या खोलीत राजूचे वडील झोपलेत. त्यांच्या झोपेवर आजवर कुठल्याच काळजीचा परिणाम झालेला नाही. पेन्शन सोडली तर आमच्या घरात एवढी खात्रीची गोष्ट दुसरी नाही.

राजू म्हणजे राजेंद्र, आमचा एकुलता एक मुलगा. वय तिशीच्या पुढे, शिक्षण बी.कॉम., हुद्दा मेजर. पाहुणे विचारतात, कुठल्या रेजिमेंटला? मी सांगते, नॉर्वेच्या. मग पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात आणि मी चहा टाकायला आत जाते. सगळं समजावून सांगायचं तर चहा निवतो.

गणवेशाचं वेड त्याच्याकडे पणजोबांकडून आलं. ते फौजेत हवालदार होते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांचा फोटो आहे, मिशांना पीळ दिलेला. लहानपणी राजू त्या फोटोसमोर ताठ उभा राहायचा आणि आम्ही कौतुकाने बघायचो. पुढे तो भरतीला जायला लागला. कधी छाती कमी पडली, कधी धावताना दम. पोलीस भरतीत लेखी परीक्षेने दगा दिला. शेवटी वय जास्त झालं. सरकारला हवं त्यापेक्षा जास्त असं त्याच्याकडे तेवढंच निघालं.

मग 'तोपर्यंत काहीतरी' म्हणून तो महिपतीच्या एजन्सीत लागला. कशाची वाट बघण्यासाठी 'तोपर्यंत', हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

महिपती बदलापूरजवळच्या सोनिवलीचा. घरची शेती होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. भात लावायला जमीन उरली नाही, पण टॉवर आले म्हणजे फाटकं येणार आणि फाटकावर माणसं लागणार, हे त्याने इतरांच्या आधी ओळखलं. महिपती सिक्युरिटी फोर्स असं नाव ठेवलं. नावातल्या 'फोर्स'साठी लागणारा आवाज त्याच्याकडे आधीपासून होता.

एकदा तो गार्डांच्या पँटी शिवायला टाकायला उल्हासनगरला गेला. कॅम्प तीनमध्ये एका गल्लीत जीन्स शिवतात, तिला लागून भरतकामाची मशिनं आहेत. तिथल्या सिंधी सेठकडे एक माल कित्येक महिने पडून होता. परदेशातल्या कुठल्याशा हौशी मंडळींना खोट्या लढाया खेळायला खांद्यावरच्या पट्ट्या हव्या होत्या. सेठने शेकड्यांनी बनवल्या आणि ऐन वेळी ऑर्डर रद्द झाली. पट्ट्यांवर तारे होते, फिती होत्या, चंदेरी किनार होती. सेठ म्हणाला, ले जाओ साईं, एकदम ओरिजनल. कशाचं ओरिजनल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. महिपतीने खोकीच्या खोकी टेम्पोत टाकली आणि सोनिवलीला आल्यावर सैन्य उभं केलं.

वाटप अगदी सोपं होतं. चार मोठे तारे आणि सोनेरी किनार असलेली पट्टी एकच होती. ती महिपतीने स्वतः लावली आणि त्या दिवसापासून तो जनरलसाहेब झाला. बाकीच्या पट्ट्या त्याने आपल्या अंदाजाने वाटल्या. जवळच्यांना जास्त तारे, लांबच्यांना कमी. अनंता नावाचा एक गार्ड होता, जनरलसाहेबांचं पान आणणं आणि मोबाईल चार्ज करणं ही त्याची मुख्य कामं. त्याला तीन तारे मिळाले. माझ्या ग्रॅज्युएट मुलाला एक, तोही चंदेरी किनार लावलेला, जणू गरिबाच्या लुगड्याला बळेच काठ जोडावा तसा.

राजू दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने त्या पट्टीचा फोटो काढून मोबाईलला विचारलं, की बाबा, हे आहे तरी कुठलं? मोबाईलने सांगितलं, नॉर्वेच्या लष्करातलं. आणि मग जे निघालं, त्याने माझ्या घराची शांतता कायमची गेली.

नॉर्वे हा देश वरच्या थंडीत आहे. तिथली सगळी माणसं एकत्र केली तरी आपल्या एकट्या ठाणे जिल्ह्याइतकी भरणार नाहीत. पण त्यांच्या सैन्यात तारे नुसते मोजायचे नसतात. बिनकिनारीचा एक तारा म्हणजे फेनरिक, आपल्या सेकंड लेफ्टनंटसारखा. दोन म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन. तिथे ही रांग संपते आणि किनारीची सुरू होते. किनार असलेला एक तारा म्हणजे मेजर. म्हणजे तीन ताऱ्यांचा अनंता कॅप्टन, आणि एका ताऱ्याचा माझा राजू त्याचा वरिष्ठ.

त्या रात्री तो तीन भाकऱ्या जेवला.

पुढचे काही महिने मी स्वयंपाकघरात नॉर्वेचं लष्कर शिकले. साधा शिपाई म्हणजे मेनिग. वर कॉर्पोरल, मग सार्जंटांच्या फिती. मेजरच्या वर किनारीचे दोन तारे, त्यावर तीन, म्हणजे कर्नल. त्यापुढे मोठे तारे आणि सोनेरी किनार. तिकडे मुलींनाही भरतीची सक्ती आहे, असं त्याने मला एकदा कौतुकाने सांगितलं. मी भांडी घासत होते. म्हटलं, सक्तीची भरती कशी असते ते मला लग्नापासून माहीत आहे. मी विमा कंपनीत कारकून होते, सगळा जन्म वरच्या टेबलाकडे बघण्यात गेला. हुद्द्याची हौस मला कळते. पण आमच्याकडे बढतीबरोबर पगार वाढायचा, हा भेद मेजरसाहेबांना मी पुष्कळदा समजावला. त्यांनी तो दरवेळी शांतपणे ऐकून घेतला.

इकडे फाटकावर काय झालं, ते मला अनंतानेच सांगितलं, आमच्याकडे जेवायला आला होता तेव्हा. राजूने मोबाईल नेऊन जनरलसाहेबांना तक्ता दाखवला. अनंताचे तारे काढून घ्यायचे तर त्याचे सासरे सोनिवलीतले वजनदार गृहस्थ, आणि राजूचं म्हणणं खोटं ठरवावं तर मोबाईलवर नॉर्वेचं सरकार उभं. जनरलसाहेबांनी निकाल दिला, की दोघंही बरोबर आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकाच फाटकावर समोरासमोर आले. आधी सलाम कुणी करायचा?

"तीन दिसतात ना तुला?" अनंता म्हणाला.

"किनार बघ."

"किनार काय बघ? भाई, मी मोजून बोलतोय."

"नॉर्वेत मोजत नाहीत."

"मग नॉर्वेच्या फाटकावर उभा राहा ना जाऊन."

दोघंही हात न उचलता उभे राहिले. मागे ऑफिसला निघालेल्या गाड्या हॉर्न मारत होत्या. शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून स्वतःच दांडा वर केला आणि सगळ्या गाड्या सोडल्या. दोन्ही अधिकाऱ्यांनी त्याला जाऊ दिलं, कारण तो कुठल्याच रांगेत नव्हता. हे सांगताना अनंता हसत होता. म्हणाला, मावशी, मीच सलाम केला शेवटी. पाय दुखायला लागले होते माझे. राजूने मान खाली घालून वरणात भात कालवला.

तो अनंता दिवाळीनंतर सोडून गेला. पार्सलं पोचवायच्या कामाला लागला, पट्टी फाटकाच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवून. विचारलं नाही, सांगितलं नाही. राजू आजही त्याला पळपुटा म्हणतो. पळपुट्याने परवा नवी गाडी घेतली. बायको मागे बसवून दाखवायला आला होता.

अनंता गेल्यावर जनरलसाहेबांना एक मोठा शोध लागला. पगारवाढ मागायला आलेल्या माणसाला तारा दिला, तर तो खूश होऊन जातो आणि खोक्यात तारे पुष्कळ आहेत. बिल्डरला पाठवायच्या बिलात साध्या गार्डपेक्षा ऑफिसरचा दर जास्त लावता येतो, हे त्याहून बरं. होळीपर्यंत सगळे वर चढले. पंप चालू करणारा लेफ्टनंट झाला. लिफ्टपाशी स्टुलावर बसून पेंगणारे विष्णुपंत कर्नल झाले. साधा मेनिग एकही उरला नाही, त्यामुळे सोसायटीचा कचरा कुणी हलवायचा यावर रोज सकाळी उच्चस्तरीय बैठक भरायला लागली.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण सव्वीस जानेवारीला मी तिथे गेले होते. सोनिवलीच्या त्या टॉवरसमोर त्यांचं संचलन होतं. राजूने आदल्या दिवशी स्वतः गणवेशाला इस्त्री केली, मला हात लावू दिला नाही. ढोल वाजायला लागला आणि तो सगळ्यात पुढे चालत आला. बाकीच्यांचे पाय कुठेही पडत होते. त्याचे पडत नव्हते. वर्षानुवर्षं भरतीच्या मैदानांवर जे केलं होतं, ते सगळं त्या पन्नास पावलांच्या रस्त्यावर त्याने करून दाखवलं. समोर बघायला झेंडा, एक बिल्डरचा माणूस आणि बाल्कनीत टॉवेल वाळत घालणाऱ्या बाया. मी पदर तोंडाला लावून बसले.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर महिपतीची आई होती, बनूबाई. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात जाड पाटल्या. टॉवर आले, पैसा आला, तरी टॉवरच्या मागच्या बाजूला ती अजून दोन म्हशी राखून आहे. माझ्याकडे बघत म्हणाली, "तो पुढचा तुजा काय?"

मी हो म्हटलं.

"सरल चालतंय पोर. माजा महिपती लहानपनी मातीचे शिपाय करायचा न् मलाच सलाम ठोकायला लावायचा. आता मानसं घेतल्यान." मग हातातल्या पाटल्या वर सारल्या. "तुज्या पोराला हितं ठेवू नको बाय. कदी लागलं तर मना फोन कर. माजं आयकतो तो. बाकी कुनाचं नाय आयकत."

तिने तिच्या नातवाकडून नंबर माझ्या फोनमध्ये घालून दिला. मी मान हलवली. असे नंबर आपण घेतो आणि पुन्हा कधी लावत नाही.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. माझा भाऊ सुदाम अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगच्या एका कंपनीत आहे. त्याने फोन केला, जयभीम घातला आणि लगेच मुद्द्यावर आला. स्टोअरमध्ये एक जागा निघाली आहे. हेल्परची, पण कायम. पीएफ आहे, कँटीन आहे, दिवसपाळी आहे, आणि राजू बी.कॉम. असल्यामुळे पुढेमागे स्टोअरच्या टेबलावर बसवतील असं मॅनेजर म्हणाला. सुदामने शब्द टाकून ठेवला होता. नाव मात्र लवकर द्यायला हवं, मागे रांग आहे.

मी आनंदाने राजूला सांगितलं. त्याने शांतपणे बूट काढले, जागेवर ठेवले आणि म्हणाला, "हेल्पर?"

त्या एका शब्दात त्याने मेजरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मला मोजून दाखवल्या.

माझाही हट्ट कमी नाही. नॉर्वे तर नॉर्वे, म्हणून मीच त्याच्या मोबाईलवर वाचायला लागले. आणि मला सापडलं. त्यांच्याकडेही हाच घोळ झाला होता. कायमच्या नोकरीतला जो तो ऑफिसर, काम जाणणारे सार्जंट जवळजवळ नाहीतच. म्हणजे बर्फातली सोनिवली. मग दहा-एक वर्षांपूर्वी त्यांनी व्यवस्था बदलली, ऑफिसरांची एक रांग आणि आपल्या कामात मुरलेल्यांची दुसरी. पुष्कळशा खऱ्या ऑफिसरांनी खांद्यावरचे खरे तारे उतरवले आणि सार्जंटच्या फिती लावल्या. कुणी आभाळ कोसळलं म्हणून रडलं नाही. निदान तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

जेवताना मी हे त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, बघ, ज्यांचे तारे कॅम्प तीनमध्ये शिवलेले नव्हते, त्यांनीसुद्धा काढले.

त्याने लक्षपूर्वक वाचलं. सगळं वाचलं, मी वाचलं नव्हतं तेही. मग फोन माझ्याकडे सरकवला. "आई, ते वरून आलं होतं. कुणी आपल्या मनाने उठून नाही गेलं."

"मग तुझं कुठून यायला पाहिजे?"

"वरून."

दुसऱ्या दिवशी तो खरोखर वर गेला. जनरलसाहेबांसमोर उभं राहून त्याने मोकळं होण्याची परवानगी मागितली. जनरलसाहेब मोबाईलवर क्रिकेट बघत होते. म्हणाले, मेजर, येडा झाला काय तू? नव्या टॉवरचं पझेशन होईपर्यंत कुठे जायचं नाही, ही ऑर्डर आहे. आणि पुढच्या महिन्यात तुला दुसरा तारा. राजूने सलाम केला आणि घरी आला.

बदलापुरात राहणारं कुणीही सांगेल, नव्या टॉवरचं पझेशन ही काय चीज आहे. बोर्डावर तारीख असते. ती दरवर्षी नव्या रंगाने रंगवतात. लोकांची मुलं बालवाडीत असताना बुकिंग होतं आणि दहावीला बसतात तेव्हा लिफ्ट येते. माझ्या मुलाने अशा फाटकावर पझेशनपर्यंत उभं राहण्याचा हुकूम घेतला होता, आणि तो हुकूम पाळणाऱ्यांतला आहे, हेच तर माझं दुखणं. पळपुटा असता तर आज सुखात असता.

मी चिडले. दोन दिवस त्याला मेजरसाहेब, भाजी आणा, मेजरसाहेब, गॅस बंद करा, असं चाललं होतं. सुदामचा आज दुपारी पुन्हा फोन आला. उद्या दुपारपर्यंत नाव दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, ताई, माझ्या हातात काही राहणार नाही. मी त्याला थांब म्हटलं. कशासाठी थांब, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आज संध्याकाळी रात्रपाळीला निघण्याआधी राजू ओट्यापाशी उभा राहून पट्टीला टाके घालत होता. मशिनचं काम, त्यात रद्द झालेल्या ऑर्डरचं, किनारीचा चंदेरी धागा सगळीकडून सुटायला लागला आहे. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, मामाच्या कंपनीत हेल्परला युनिफॉर्म असतो?"

"असतो. राखाडी. सुदाम घालतो तसाच."

"खांद्यावर?"

"खांद्यावर काही नाही. खिशावर नाव असतं."

"कंपनीचं?"

"कंपनीचं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आपलं."

त्याने दाताने धागा तोडला, पट्टी खांद्यावर चढवली आणि बाईक काढून सोनिवलीला गेला. पण दारातून बाहेर पडताना त्याने शर्टाचा खिसा उगाच हाताने सारखा केला, ते मी पाहिलं. एजन्सीत त्याला राजेंद्र म्हणून कुणी हाक मारत नाही. आणि हल्ली, माझ्या जिभेच्या कृपेने, घरीही कुणी मारत नव्हतं.

त्याला जायचं आहे. फक्त पळून जायचं नाही.

म्हणून मी पुन्हा तो तक्ता उघडून बसले. मेजरला हुकूम देणारा कोण, त्याच्यावर कोण, असं वर वर जात राहिले. कर्नल म्हणजे विष्णुपंत, ते स्टुलावर झोपलेत. जनरलच्या वर नॉर्वेत फक्त राजा असतो. सोनिवलीला राजा नाही. पण दोन म्हशी आहेत, आणि त्यांची धार काढायला पहाटे अंधारात उठणारी एक बाई आहे, जिच्यापुढे चार मोठे तारे आणि सोनेरी किनार गपगुमान उभी राहते.

राजूला सोडा, असं मी तिला म्हणणार नाही. ते त्याला चालणार नाही. मी म्हणणार, बनूबाई, तुमच्या जनरलला सांगा, माझ्या राजेंद्रला आनंदनगरच्या कंपनीत रुजू व्हायचा हुकूम द्यायचा. आजच सकाळी, त्याची पाळी सुटताना, फाटकावर, सगळ्यांसमोर, नीट ताठ उभं राहून. आणि त्याने सलाम केला तर उलट सलाम करायचा. एवढं एक काम त्या गणवेशाने करावं.

पहाटेला आता फार वेळ नाही. बनूबाईचा नंबर काढून ठेवला आहे. म्हशीखाली बसायच्या आधी तिला गाठायचं, धार काढताना तिचे हात अडकलेले असतील.